यूएन्डुमू ते समुद्रकिनारा: मोटारीने जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे २९० किलोमीटरवर यूएन्डुमू ही वार्लपिरी या आदिवासी लोकांची वस्ती आहे. मी येथील दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करते. अशा दूरच्या वस्त्यांमध्ये दवाखान्यात, शाळेत किंवा दुकानात नोकरी करणारी मराठी माणसे मला अधूनमधून भेटतात. त्यांच्याकडे जून-जुलैच्या सुट्टीत भारतातून आई-वडील येतात आणि मग गाडी काढून समुद्र पाहून येण्याचा बेत ठरतो. त्या वेळी फोनवर मला जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

समुद्राकडे जायला यूएन्डुमूहून कोणता मार्ग घ्यावा?

नकाशावर पाहिले तर पश्चिमेकडचे ब्रूम सर्वांत जवळ दिसते आणि अंतराने ते खरोखरच जवळ आहे. परंतु तिकडे जाणारा टॅनामी रस्ता वाळवंटातून शेकडो किलोमीटर कच्चा जातो, वाटेत वस्ती जवळजवळ नाही आणि पाऊस पडला की तो बंद होतो. उत्तरेकडे डार्विनला संपूर्ण डांबरी रस्त्याने जाता येते, पण तेथील समुद्रात खाऱ्या पाण्यातील मगरी असतात, शिवाय उन्हाळ्यात विषारी जेलीफिशही येतात. त्यामुळे एवढे अंतर कापून गेल्यावर पाण्यात उतरण्याचा आनंद मिळत नाही.

म्हणून वयस्कर माणसे आणि मुले सोबत असतील तर मी दक्षिणेचा मार्ग सुचवते: यूएन्डुमूहून ॲलिस स्प्रिंग्ज, तेथून स्टुअर्ट महामार्गाने कूबर पेडीमार्गे पोर्ट ऑगस्टा आणि पुढे ॲडलेड. ॲलिसच्या पुढे हा रस्ता अखंड डांबरी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील भागाचे डांबरीकरण १९८७ मध्ये पूर्ण झाले; त्याआधी हाच प्रवास धूळ आणि चिखल यांतून करावा लागत असे.

एकूण अंतर किती आणि दिवस किती धरावेत?

यूएन्डुमू ते ॲलिस सुमारे २९०, ॲलिस ते कूबर पेडी सुमारे ६९०, कूबर पेडी ते पोर्ट ऑगस्टा सुमारे ५४० आणि तेथून ॲडलेड सुमारे ३०५, असे मिळून साधारण १,८२५ किलोमीटर होतात. मुंबईहून दिल्लीला गाडीने जाण्यापेक्षा हे अंतर चारशे किलोमीटरने अधिक आहे, आणि मुंबई-दिल्ली रस्त्यावर जशी पावलोपावली गावे, ढाबे, पंप आणि माणसे भेटतात, तसे येथे काहीही भेटत नाही.

चार दिवस हे किमान आहेत. दुसरा दिवस, ॲलिस ते कूबर पेडी, सर्वांत लांबचा असतो, आणि जुलैत दिवसाचा उजेड अकरा तासांहून कमी असतो, हे लक्षात घेऊनच तो आखावा. सोबत सत्तरीचे सासू-सासरे असतील तर ॲलिसपासून सुमारे ४५० किलोमीटरवरील मार्ला येथे मुक्काम करावा आणि प्रवासाला पाच दिवस द्यावेत. नॉर्दर्न टेरिटरीत महामार्गाच्या बऱ्याच भागावर ताशी १३० किलोमीटरची मर्यादा आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियात ती ११० आहे. पण मर्यादा १३० आहे म्हणून १३० नेच जावे असे नाही. शंभरच्या आसपास गाडी ठेवली तर इंधन कमी लागते आणि जनावर आडवे आले तर ब्रेक लावायला वेळ मिळतो.

कोणत्या महिन्यात जावे?

मे ते ऑगस्ट. जुलैत ॲलिसला दुपारी वीस अंशांच्या आसपास तापमान असते आणि पहाटे ते चार अंशांवर किंवा शून्याखालीही जाते. भारतातून येणाऱ्यांना वाळवंट म्हटले की कडक ऊनच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे ते स्वेटर आणत नाहीत. त्यांना आधीच सांगून ठेवावे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रवास हौसेने करू नये. मार्ल्याच्या पूर्वेला असलेल्या ऊडनडॅटा या गावी २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदले गेले होते. अशा उन्हात बंद पडलेल्या गाडीशेजारी काढलेले दोन तास तब्येतीने धडधाकट माणसालाही झेपत नाहीत, हे मी दवाखान्यात पाहिले आहे.

साधी मोटार चालेल की फोर-व्हील ड्राइव्हच लागते?

ॲलिस ते ॲडलेड साधी मोटार सहज जाते. यूएन्डुमू ते ॲलिस या टप्प्याचे डांबरीकरण गेल्या काही वर्षांत बरेच पुढे सरकले आहे, तरीही पावसानंतर कोरड्या नाल्यांना पाणी येते आणि कडेच्या मातीत चाक रुतते, म्हणून वस्तीतून निघणारी गाडी उंच आणि मजबूत असलेली बरी. डांबराबाहेर गेलात तर दोन गोष्टी भेटतात. एक म्हणजे पत्र्याच्या पन्हाळीसारख्या आडव्या लाटा, ज्यांवरून जाताना गाडीचा बोल्ट न् बोल्ट खडखडतो. आणि दुसरी म्हणजे पिठासारखा मऊ फुफाटा, जो खड्डा असा झाकून टाकतो की चाक आत गेल्यावरच तो कळतो.

भाड्याची गाडी घेत असाल तर करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. डांबरी रस्ता सोडल्यास किंवा शहराबाहेर अंधारात गाडी चालवल्यास विमा लागू होणार नाही, अशी अट बऱ्याच करारांत असते, आणि कांगारू धडकल्यावर ती वाचून उपयोग नसतो.

इंधन कुठे आणि किती भरावे?

तत्त्व एकच: पंप दिसला की टाकी भरावी, मग ती अर्धी असो वा पाऊण. कूबर पेडी ते ग्लेनडॅम्बो हा सुमारे २५० किलोमीटरचा टप्पा आहे आणि त्यात एकही पंप नाही. पिम्बा ते पोर्ट ऑगस्टा या सुमारे १७० किलोमीटरमध्येही नाही. वाटेत भेटतात ती रोडहाऊस, म्हणजे पंप, खानावळ, किराणा आणि राहायच्या खोल्या एकाच छपराखाली असलेली ठिकाणे. त्यांच्या वेळा बदलतात आणि काही अधूनमधून बंदही असतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी.

वस्तीत पेट्रोलच्या पंपावर नवख्या माणसाला एक वेगळे नाव दिसते: ओपल. काही दशकांपूर्वी मध्य ऑस्ट्रेलियातील वस्त्यांमध्ये तरुण मुले पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनात मेंदू आणि जीव गमावत होती. ज्या घटकांमुळे हुंगल्यावर नशा येते, ते अत्यल्प ठेवलेले हे पेट्रोल २००५ पासून आणण्यात आले, आणि ज्या वस्त्यांनी ते स्वीकारले तेथे हुंगण्याचे प्रमाण खूप घटले. गाडीला ते साध्या पेट्रोलसारखेच चालते. सर्वसाधारण पेट्रोल कॅनमध्ये भरून वस्तीत आणू नये. आपल्या दृष्टीने तो केवळ राखीव साठा असतो, पण ज्या आयांनी मुले गमावली आहेत त्यांच्या दृष्टीने तो तसा नसतो.

पाणी आणि खाण्याचे काय सामान घ्यावे?

पाणी माणशी दिवसाला किमान पाच लिटर. मी दहा धरते, आणि ते एकाच मोठ्या कॅनमध्ये न भरता तीन-चार कॅनमध्ये विभागते, कारण खडखडाटात एखादा कॅन फुटतोच. माझ्या सासूबाईंनी पहिल्या प्रवासाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घेतल्या होत्या, आणि रोडहाऊसमधील तळलेल्या पदार्थांपेक्षा त्या पोटाला किती मानवल्या ते सांगायला नको. डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा. येथील तांबडी धूळ इतकी बारीक असते की साध्या डब्यातील दशमीला संध्याकाळपर्यंत गेरूचा रंग चढतो.

ताजी फळे आणि भाज्या यांविषयी काटेकोर राहावे. फळमाशीला रोखण्यासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियात बाहेरून फळे व फळभाज्या आणण्यावर कडक निर्बंध आहेत आणि ते मोडल्यास दंड होतो. हिरव्या मिरच्या, टोमॅटो, संत्री, आंबे हे सर्व सीमेपूर्वी संपवावे किंवा टाकून द्यावे. दारूविषयीही येथेच सांगते: यूएन्डुमूसह बहुतेक वस्त्यांच्या हद्दीत दारू आणणे हा गुन्हा आहे, मग बाटली बंद असो वा भेट म्हणून आणलेली असो. परतीच्या प्रवासात गाडीत काही राहिले नाही ना, हे ॲलिसला पाहून घ्यावे.

पाहुण्यांना वस्तीत आणण्यासाठी परवानगी लागते का? रस्त्यात कुठेही थांबले तर चालते का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण माझ्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा.

यूएन्डुमूच्या भोवतीची जमीन १९७६ च्या भूमी हक्क कायद्याखाली आदिवासी न्यासाच्या मालकीची आहे. पाहुण्यांसाठी परवाना लागतो का, हे सेंट्रल लँड कौन्सिलला, म्हणजे येथील आदिवासी जमिनींचे काम पाहणाऱ्या संस्थेला, आणि वस्तीतील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे. वस्तीत मृत्यू झाला असेल तर दुखवट्याचे विधी चालतात. त्या दिवसांत बाहेरच्यांना काही भागांत जाण्यास मनाई असते आणि कधीकधी रस्ताही बंद असतो. मृत व्यक्तीचे नाव उच्चारत नाहीत, तिचे छायाचित्र दाखवत नाहीत. आपल्याकडे सुतकात आपण ज्या मर्यादा पाळतो, त्याच वृत्तीने याकडे पाहिले तर काही अवघड वाटत नाही. माणसांचे, विशेषतः मुलांचे, न विचारता फोटो काढू नयेत.

वस्ती १९४६ मध्ये सरकारने स्थापन केली, परंतु तेथील माणसांचे या भूमीशी असलेले नाते त्याच्या हजारो वर्षे आधीचे आहे. १९२८ मध्ये याच परिसरात, कॉनिस्टन येथे, पोलिसांच्या तुकडीने वार्लपिरी आणि शेजारच्या समाजांतील माणसे ठार केली. सरकारी आकडा ३१ आहे. येथील कुटुंबे तो त्याहून बराच मोठा सांगतात. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात त्या दिवसांच्या आठवणी अजून आहेत, त्यामुळे एखाद्या झाडाखाली चादर पसरण्यापूर्वी विचारावे लागते, यात मला कधी जाच वाटला नाही.

पाहुण्यांना आवर्जून दाखवावे ते येथील वार्लुकुर्लांगू कलाकेंद्र. १९८५ मध्ये सुरू झालेले हे केंद्र कलाकारांच्याच मालकीचे आहे. त्याच्या थोडे आधी, १९८४ मध्ये, वस्तीतील वडीलधाऱ्यांनी शाळेच्या दारांवर आपल्या पूर्वजांच्या प्रवासकथा रंगवल्या होत्या. ती मूळ दारे आता ॲडलेड येथील साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या संग्रहात आहेत, म्हणजे त्यांनीही हाच रस्ता कापला आहे. त्या चित्रांत ज्या वाटा आहेत त्या पाणवठ्यापासून पाणवठ्यापर्यंत जातात, आणि महामार्ग आखला जाण्याच्या फार पूर्वीपासून माणसे त्या वाटांवरून चालत आली आहेत.

रात्री गाडी चालवू नका असे सगळे का सांगतात?

कारण सूर्य मावळल्यावर रस्ता जनावरांचा होतो. बहुतेक गुरांच्या कुरणांना येथे रस्त्याकडेला कुंपण नसते. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे चरायला डांबराच्या कडेला येतात, कारण रस्त्यावरून वाहून गेलेल्या थोड्याशा पाण्यावर तेथे हिरवे गवत उगवलेले असते. दिव्याच्या झोतात कांगारू बिथरतो आणि नेमका गाडीच्या दिशेने उडी मारतो. काळ्या गायी तर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. दिवसासुद्धा मेलेल्या जनावरावर बसलेल्या पाचरशेपट्या गरुडापासून सावध राहावे. तो जड पक्षी आहे, उडायला त्याला वेळ लागतो आणि घाबरला की काचेवर येऊ शकतो. दुरूनच वेग कमी करावा. जनावर आडवे आले तर सरळ रेषेत ब्रेक दाबावा, जोरात वळण घेऊ नये. गाड्या उलटतात त्या बहुधा या वळणानेच.

दुसरी गोष्ट रोड ट्रेनची. तीन-चार डबे ओढणारे हे ट्रक ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. त्यांना ओलांडायचे असेल तर समोर एक किलोमीटरहून अधिक रस्ता मोकळा दिसायला हवा. समोरून येत असेल तर आपण डावीकडे सरकून वेग कमी करावा. ट्रक जवळून गेला की गाडी हवेच्या झोताने हलते, त्यासाठी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे.

गाडी बंद पडली किंवा टायर बसला तर काय करावे?

गाडी सोडून जाऊ नये. या एका नियमाला अपवाद नाही. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. गाडी सावली देते आणि पाणी गाडीतच असते. बॉनेट उघडून ठेवावे, सावलीत बसावे, येणाऱ्या पहिल्या वाहनाला हात दाखवावा.

स्टेपनी दोन घ्याव्यात आणि निघण्यापूर्वी त्यांतील हवा स्वतः तपासावी. हे मी अनुभवाने सांगते. आमच्या एका प्रवासापूर्वी शहरातील एका गॅरेजने गाडी पूर्ण तपासल्याचा कागद दिला होता. वस्तीपासून साधारण शंभर किलोमीटरवर मागचा टायर फाटला, स्टेपनी काढली तर ती बसलेली, आणि जॅक ठेवावा तर तो मऊ मातीत रुतत चाललेला. सव्वा तासाने एक जुनी गाडी आली. आत आठ माणसे, दोन कुत्री आणि छतावर गाद्या. त्यातील एका आजोबांनी काही न बोलता डिकीतून जाड लाकडी फळी काढली, जॅकखाली सरकवली, आमच्याच बनावटीच्या त्यांच्या गाडीची स्टेपनी आम्हाला लावून दिली आणि ‘सोमवारी दवाखान्यात आणून दे’ एवढे सांगून निघून गेले. त्यांच्याकडे दुसरी स्टेपनी नव्हती, हे मला नंतर कळले. तेव्हापासून आमच्या गाडीत दोन भरलेल्या स्टेपन्या, हवेचा छोटा पंप आणि एक जाड फळी कायम असते, आणि रस्त्यात उभी असलेली गाडी दिसली की आम्ही थांबतोच.

मोबाईल चालतो का?

गावांत चालतो, मध्ये बहुतेक ठिकाणी चालत नाही. टेल्स्ट्राचे जाळे त्यातल्या त्यात सर्वांत पसरलेले आहे. सॅटेलाइट फोन किंवा बटण दाबताच उपग्रहाद्वारे ठिकाण कळवणारे बीकन सोबत असावे. ते दुकानातून भाड्यानेही मिळते. यूएचएफ रेडिओ असेल तर महामार्गावर ट्रकचालक चाळीसाव्या चॅनेलवर ऐकत असतात. आणीबाणीचा क्रमांक ०००. रुग्णाला विमानाने हलवण्याची वेळ आली तर रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस येते. १९२८ मध्ये सुरू झालेल्या या सेवेची विमाने आमच्या धावपट्टीवर रात्री-अपरात्री उतरताना मी पाहते, आणि त्या आवाजाने आजही मला धीर येतो.

वाटेत उलुरू पाहता येईल का?

येईल, पण ‘वाटेत’ नव्हे. ॲलिसच्या दक्षिणेला २०० किलोमीटरवर एर्लडंडा येथे उजवीकडे वळून सुमारे २५० किलोमीटर जावे लागते आणि तेवढेच परत यावे लागते. दोन दिवस वेगळे काढता येत असतील तरच जावे. २६ ऑक्टोबर २०१९ पासून या प्रचंड खडकावर चढण्यास बंदी आहे, कारण तेथील मूळ रहिवासी असलेल्या आनंगू लोकांसाठी ते पवित्र स्थान आहे. पायथ्याची प्रदक्षिणा सुमारे दहा किलोमीटरची होते आणि ती पहाटे केलेली चांगली.

कूबर पेडीत मुक्काम कसा असतो?

जमिनीखाली. १९१५ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला येथे ओपल (पेट्रोल नव्हे, त्या नावाचे रत्न) सापडला, मग खाणकामगार आले, आणि उन्हापासून वाचण्यासाठी त्यांनी टेकड्यांच्या पोटातच घरे कोरली. बाहेर पंचेचाळीस अंश असो वा पहाटेची कडाक्याची थंडी, आतील तापमान तेवीस-चोवीस अंशांच्या आसपास राहते. भिंतींवर यंत्राने कोरल्याचे गोल वळसे दिसतात आणि दिवा घालवल्यावर असा गडद काळोख होतो की मुले पहिल्या रात्री थोडी बावरतात. त्यांच्यासाठी लहान बॅटरी उशाशी ठेवावी. गावाबाहेर हजारो उघडे उभे खड्डे आहेत. फोटो काढताना मागे मागे चालू नका, अशा पाट्या लावलेल्या असतात, त्या गांभीर्याने घ्याव्यात आणि मुलांचा हात सोडू नये.

वूमेरा परिसर ‘निषिद्ध क्षेत्र’ आहे म्हणतात. मग त्यातून जाता येते का?

महामार्गावरून निर्धास्त जाता येते. रस्ता सोडून आत शिरू नये. १९४७ पासून हे अग्निबाणांच्या चाचणीचे क्षेत्र आहे. जपानच्या हायाबुसा-२ यानाने लघुग्रहावरून आणलेल्या नमुन्यांची कुपी डिसेंबर २०२० मध्ये याच भागात उतरली. ग्लेनडॅम्बोच्या पुढे लेक हार्ट हे मिठाचे सरोवर रस्त्यावरूनच दिसते. भर दुपारी ते इतके पांढरे लखलखते की गाडीतील मुले ‘समुद्र आला’ म्हणून ओरडतात. थांबून पाहावे, पण मिठावर गाडी घालू नये. वरचा थर पातळ असतो.

वस्तीतील कोणी आमच्यासोबत समुद्रावर येऊ शकेल का? ज्येष्ठांना नेता येईल का?

येऊ शकेल, आणि कोणी विचारले तर जागा असेल तेव्हा जरूर न्यावे, फक्त प्रत्येकाला सीटबेल्ट हवाच. मात्र ज्येष्ठांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते: मूत्रपिंडाचा आजार मध्य ऑस्ट्रेलियात फार आहे आणि अनेकांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस घ्यावे लागते.

एके काळी डायलिसिस सुरू झाले की माणसाला कायमचे ॲलिसला राहावे लागे, घर, नातवंडे आणि आपली भूमी सोडून. ते बदलले ते येथील लोकांच्या प्रयत्नाने. नोव्हेंबर २००० मध्ये पश्चिम वाळवंटातील कलाकारांच्या चित्रांचा सिडनीत लिलाव झाला, त्यातून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली, आणि त्या पैशातून जी संस्था उभी राहिली ती आज पर्पल हाऊस म्हणून ओळखली जाते. २००४ मध्ये तिने किन्टोर या दूरच्या वस्तीत पहिली यंत्रे सुरू केली. यूएन्डुमूतही तिचे केंद्र आहे. डायलिसिसची यंत्रे बसवलेला तिचा ट्रकही आहे, ज्यामुळे रुग्णांना आपल्या गावी किंवा समारंभाला जाता येते.

तेव्हा अशा व्यक्तीला न्यायचे असेल तर काही आठवडे आधी दवाखान्यात या. वाटेतील आणि ॲडलेडमधील डायलिसिसची खुर्ची आरक्षित झाल्याशिवाय निघता येत नाही. एक फेरी चुकली तर छातीत पाणी भरू शकते, म्हणून ‘एक दिवस चालेल’ असे कोणी म्हटले तरी ऐकू नये.

आमच्यासोबत एकदा एक आजी आल्या होत्या. वार्लपिरी नातेव्यवस्थेत प्रत्येकाचे एक कुलनाम असते आणि ते कळले की कोण कोणाची बहीण, कोण आत्या हे ठरते. त्यांनी मला नाकामारा हे नाव दिले, तेव्हापासून मी त्यांची धाकटी बहीण. पोर्ट ऑगस्टाला पाण्याजवळ पोहोचल्यावर मुले धावत सुटली, पण त्या गाडीजवळच थांबल्या आणि मला म्हणाल्या, ‘ही कोणाची भूमी? त्यांना विचारलं का?’ आम्ही गावात गेलो, तेथील बार्न्गार्ला समाजातील एका बाईंना भेटलो, दोघी बराच वेळ बोलत बसल्या, आणि मगच दुपारी आजींनी पाण्यात पाय घातले.

समुद्र नेमका कुठे लागतो?

पहिले खारे पाणी पोर्ट ऑगस्टालाच, स्पेन्सर आखाताच्या टोकाशी. कोकणातला समुद्र मनात धरून गेलात तर थोडी निराशा होईल: येथे लाटा नाहीत, खारफुटी आहे आणि खाडीसारखे शांत पाणी आहे. ॲडलेडजवळचा ग्लेनेल्गचा किनारा पांढऱ्या वाळूचा आणि मुलांसाठी सुरक्षित आहे. खऱ्या मोठ्या लाटा पाहायच्या तर ॲडलेडच्या दक्षिणेला आणखी ऐंशीएक किलोमीटरवर व्हिक्टर हार्बरच्या बाजूला जावे. जुलैत पाणी फार थंड असते. पाय बुडवण्यापलीकडे बहुतेक जण जात नाहीत.

पोर्ट ऑगस्टाला मात्र मी घाई करू देत नाही. याच बंदरात १८६६ च्या सुरुवातीला कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि ३१ उंटवाले उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्या माणसांनी आणि जनावरांनी पुढे या वाळवंटातील मालवाहतूक सांभाळली, आणि आज रस्त्याकडेला दिसणारे रानटी उंट मुख्यतः त्या काळात आणलेल्या उंटांचे वंशज आहेत. येथूनच डार्विनपर्यंत तारायंत्राची लाइन टाकली गेली. १८७२ मध्ये ती पूर्ण झाल्यावर ॲडलेडहून निघालेली तार डार्विन, जावा, सिंगापूर, मद्रास आणि मुंबई असा प्रवास करत लंडनला पोहोचू लागली. हे ऐकून माझे सासरे, जे मुंबईच्या तार खात्यात तीस वर्षे होते, त्या धक्क्यावर बराच वेळ उभे राहिले होते.

भारतातील घरच्यांना फोन करताना वेळेचा हिशेब कसा ठेवावा?

जून-जुलैत नॉर्दर्न टेरिटरी आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे भारतापेक्षा चार तास पुढे. उन्हाळ्यात दक्षिण ऑस्ट्रेलियात घड्याळ आणखी एक तास पुढे जाते.

परतताना वेगळे काय पाहावे?

किनाऱ्यावर फिरलेली गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्यावी, नाहीतर मीठ पत्रा खाते. ॲलिसला टाकी, पाणी आणि दोन्ही स्टेपन्या पुन्हा तपासाव्यात. शेवटचे २९० किलोमीटर घराजवळचे वाटतात म्हणून याच टप्प्यात हयगय होते. हा टप्पाही टॅनामी रस्त्याचाच आहे, म्हणून तो उघडा आहे का ते पाहावे आणि दुपारी दोननंतर ॲलिसहून निघू नये. आणि निघताना ज्या व्यक्तीकडे तुमचे वेळापत्रक ठेवले असेल, तिला पोहोचल्याचा फोन घरात सामान उतरवण्यापूर्वी करावा, कारण ठरलेल्या वेळेनंतर तो आला नाही तर ती पोलिसांना कळवते आणि तुमच्या शोधासाठी माणसे रात्रीच बाहेर पडतात.